सासूबाई मागे राहिल्या ती दुपार

आमच्या चर्चमध्ये भर उन्हाळ्यात तीन संध्याकाळी संजीवन सभा असतात. वर्षभरात मंडळीचा विश्वास ढिला पडला असेल तर तो आवळून घ्यायचा, हा त्यामागचा हेतू. त्या वर्षी बाहेरगावचे एक प्रचारक बोलावले होते. उंच, सडपातळ, आणि आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाला कळू नये. त्यांनी सोबत भिंतभर लांबीचा फ्लेक्स आणला होता आणि त्यावर जगाचा शेवट डावीकडून उजवीकडे क्रमानं रंगवलेला होता. मधोमध ढग, ढगात कर्णा फुंकणारा देवदूत आणि खालून वर चाललेली माणसं. माणसं जिथून उचलली गेली तिथं त्यांचे कपडे, चपला, चष्मे तसेच पडलेले. एका कोपऱ्यात पोळपाट होता, त्यावर अर्धीच लाटलेली पोळी, आणि लाटणारी बाई गायब.

विषय होता प्रभूचं दुसरं येणं. तो दिवस सांगून येणार नाही, वेळ कुणाला ठाऊक नाही. कर्णा वाजेल, जे तयार असतील ते एका क्षणात वर घेतले जातील आणि बाकीचे मागे राहतील. तिसऱ्या संध्याकाळी प्रचारकांनी एकदम थांबून विचारलं, "तुमच्यातले कोण कोण तयार आहेत? हात वर करा!"

कुणाचाही हात हलेना. आमचे धर्मगुरू, पाळक साहेबसुद्धा खाली बघत बसले. तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात वर गेला. हात माझ्या नवऱ्याचा होता. प्रचारकांना भरून आलं. त्यांनी त्याला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली आणि सगळ्या मंडळीला सांगितलं, की या भावाकडं बघा. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले.

घरी येताना रिक्षात त्यांनी लेकाला विचारलं, "तुला कधीपासून वाटतंय रे, की तू तयार आहेस?"

तो म्हणाला, "आई, माझा जरा डोळा लागला होता. मला वाटलं, जेवायला कोण कोण थांबणार ते विचारतायत."



सासूबाई निवृत्त नर्स. पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली. त्यामुळं 'तयार राहा' या दोन शब्दांचा अर्थ त्यांच्या लेखी आमच्यापेक्षा फार वेगळा होता. तयार म्हणजे सगळं जिथल्या तिथं, उकळून, पुसून, झाकून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पांढऱ्या साड्यांना कडक इस्त्री करून घेतली आणि घरातही पांढरीच साडी नेसायला लागल्या. दुपारी आडवं होताना त्या कवळी काढून पेल्यात ठेवायच्या, ते बंद केलं. म्हणाल्या, "प्रभूसमोर बोळक्या तोंडानं उभी राहू का मी?"

मग त्यांना दुसरीच काळजी लागली. त्यांनी पाळक साहेबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता म्हणून आम्हीही ऐकलं.

"साहेब, वर गेल्यावर नवीन शरीर मिळतं ना?"

"हो, मिळतं ना. अविनाशी शरीर."

"त्यात दात असतात?"

"असावेत."

"मग ही कवळी कुठं जाणार? खाली पडणार ना? कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे?"

यावर शास्त्रात स्पष्ट उल्लेख नाही, असं पाळक साहेबांनी सांगितलं आणि मागं कुणीतरी बोलावतंय म्हणून फोन ठेवला.

त्याच दिवशी सासूबाईंनी आपली कॉट पंख्याखालून काढून भिंतीकडं सरकवायला लावली. मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि ही बाई म्हणते पंखा नको डोक्यावर. नवऱ्यानं कॉट ओढता ओढता विचारलं, "आई, पंखा चुकवलास, पण वर स्लॅब आहे त्याचं काय?"

"स्लॅबचं प्रभू बघेल. पंख्याचं आपण बघायला नको?"

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. घोळ झाला तो क्षमेपासून. प्रचारक म्हणाले होते, की मनात कुणाविषयी काही अडलेलं असेल तर आधी ते मोकळं करा. सासूबाईंनी वही घेतली आणि ज्यांची क्षमा मागायची त्यांची यादी केली. पहिलं नाव माझ्या आईचं. आई नातेपुत्याला असते. सासूबाईंनी तिला भर दुपारी फोन केला आणि आमच्यात नमस्काराऐवजी असतो तो सलाम केला.

"विहीणबाई, सलाम. मला तुमची क्षमा मागायची आहे."

"कशाबद्दल हो?" आईनं विचारलं.

"लग्नातलं तुमचं मटण. मी पंगतीत म्हणाले होते, की हे मटण आहे का चपलेचा तळ. प्रभूसाठी मला माफ करा."

आईला हे पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं. ते मटण तिनं स्वतः उभं राहून शिजवून घेतलं होतं. तिनं माफ केलं असं तोंडानं म्हटलं खरं, पण पुढचे पंधरा दिवस ती माझ्याशीसुद्धा बोलली नाही. सासूबाईंनी मात्र वहीत त्या नावापुढं बरोबरची खूण केली. अशा सहा खुणा झाल्या आणि आमची सहा घरांशी बोलाचाली बंद झाली. सातव्या नावाच्या आधी नवऱ्यानं वही लपवली.

मग त्या माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "तुझ्या आमटीबद्दल मी शेजारी बोलले आहे."

"काय बोललात?"

"ते राहू दे. तू माफ कर."

मी माफ केलं. काय बोलल्या ते मला शेजारच्या अक्कांकडून आधीच कळलेलं होतं.

या अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. माहेर वळसंगचं, घर लिंगायत, घरात कानडी आणि आमच्याशी मराठी. सासूबाईंना त्या 'सिस्टरबाई' म्हणायच्या. दोघींची चाळीस वर्षांची ओळख. इकडून नाताळात करंज्या जायच्या, तिकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी यायची. क्षमेचं प्रकरण आटोपल्यावर सासूबाईंनी घराची जादा किल्ली घेतली आणि मला सोबत घेऊन त्या अक्कांच्या कट्ट्यावर गेल्या.

"अक्का, ही आमची किल्ली राहू दे तुमच्याकडं."

"कुटं चालला सिस्टरबाई? नातेपुत्याला?"

"नाही. वर."

अक्कांनी मान वर करून आमच्या गच्चीकडं बघितलं. "पापड घालायचेत व्हय? मग किल्ली कशाला?"

"गच्चीवर नाही हो. आभाळात."

अक्कांनी किल्ली हातात घेतली. मग सासूबाईंना ओलांडून माझ्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "डॉक्टरला दाखीवलं का?"

सासूबाईंनी त्यांना नीट समजावून सांगितलं. कर्णा वाजेल, एका क्षणात जावं लागेल, गॅस बंद करायलाही सवड मिळणार नाही. "म्हणून म्हणते, आम्ही कुणी दिसलो नाही की आधी गॅस बघा. मग पाण्याची मोटर. आणि दूधवाल्याला सांगा, उद्यापासून नको."

"सांगते की. आनि परत कदी येनार?"

"परत नाही यायचं."

अक्कांनी किल्ली हातात उलटीपालटी केली. त्या भोळ्या होत्या, पण हिशेबाला कच्च्या नव्हत्या. म्हणाल्या, "म्हंजे तुमी जानार, आनि मी गॅस बंद करनार. म्हंजे मी हितंच."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तुम्हीपण चला ना अक्का," सासूबाई शेवटी अक्कांचा हात धरून म्हणाल्या.

"मी? माझा सिद्धरामा काय म्हनंल? साठ वर्सं त्याच्या दारात नारळ फोडलाय. त्यो मला न्हाय व्हय विचारायचा, की कुनाच्या गाडीत बसून कुटं चालली म्हनून?" मग त्यांनी किल्ली कमरेला खोचली. "गॅस, मोटर, दूद. ध्यानात हाय. जावा बिनघोर."

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी म्हटलं, "आई, एवढं वाईट वाटतंय तर अक्कांना सांगायचंच कशाला?" त्या म्हणाल्या, "मग किल्ली कुणाला देऊ? दुसरं भरवशाचं आहे कोण या गल्लीत?"

आणि मग ती शनिवारची दुपार आली.

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या आठवड्यात कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली आणि सहा दिवस झाले तरी थेंब नव्हता. टँकर येणार, येणार असं सगळे म्हणत होते. कधी ते कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीत प्रत्येक दाराशी हंडे, घागरी, बादल्या ओळीनं लावून ठेवलेल्या. दुपारी सासूबाई जेवून, कानातलं यंत्र काढून, भिंतीकडच्या कॉटवर झोपल्या. मी ओट्यापाशी कणीक मळत होते. नवरा लुंगी-बनियनवर टीव्ही बघत बसला होता.

कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला. साधा भोंगा नव्हता तो. त्या ड्रायव्हरनं लांब सूर निघणारा हॉर्न बसवून घेतला होता आणि तो वाजवायला लागला की थांबायचं नाव घेत नसे. मी कणकेचे हात घेऊन तशीच हंडा उचलून पळाले. नवऱ्यानं उभ्या उभ्या लुंगी सोडली, पँट चढवली आणि दोन बादल्या घेऊन अनवाणी माझ्यामागं. सासूबाईंना उठवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आमच्यामागं घरात काय झालं ते नंतर सासूबाईंनी थोडं थोडं सांगितलं आणि उरलेलं अक्कांनी नकलेसकट.

सासूबाई जाग्या झाल्या त्या भोंग्यानं. यंत्र नसताना त्यांना दाराची घंटा ऐकू येत नाही, पण तो सूर त्यांच्यापर्यंत पोचला. त्या उठून बसल्या. हाक मारली, उत्तर नाही. कानात यंत्र घातलं, तेव्हा गल्लीसुद्धा चिडीचूप; भोंगा थांबला होता आणि माणसं कोपऱ्यापलीकडं गेली होती. त्या स्वयंपाकघरात आल्या. परातीत अर्धी मळलेली कणीक, त्यावर माझ्या बोटांचे ठसे. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू, आणि टीव्हीसमोर फरशीवर माझ्या नवऱ्याची लुंगी गोल पडलेली. दाराशी आमच्या दोघांच्याही चपला.

त्यांनी पाळक साहेबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना लावला. उचलला नाही. सेक्रेटरीबाईंचा फोन बंदच होता.

त्या लुंगीजवळ स्टुलावर बसल्या. पहिल्यांदा भीती वाटली का, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "छे! पहिल्यांदा राग आला. म्हटलं, प्रभू, हा गेला? प्रवचनात घोरणारा हा? आणि मी राहिले?"

राग ओसरल्यावर आपलं काय चुकलं ते त्या शोधायला लागल्या. शोधता शोधता नजर ओट्यावर गेली. तिथं लिंबू-मिरच्या ठेवायचा स्टीलचा ट्रे होता, घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा. ऑपरेशनची हत्यारं ठेवतात तसला. निवृत्त होताना तो त्यांनी दवाखान्यातून घरी आणला होता, न विचारता. एवढ्या वर्षांत आम्ही तो त्यांचाच समजत होतो. सासूबाईंना वाटलं, हेच. या ट्रेपायी आपण राहिलो. त्यांनी लिंबं आणि मिरच्या ओट्यावर ओतल्या, ट्रे छातीशी धरला आणि चष्मा उशीवर, चपला कॉटखाली तशाच टाकून त्या बाहेर पडल्या.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फक्त अक्का आपल्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या गेल्या नव्हत्या.

"अक्का," सासूबाई म्हणाल्या, "सगळे गेले."

"व्हय की. मगाशीच गेले. भोंगा न्हाय ऐकला?"

"ऐकला हो. पण मी राहिले."

"राहिला तर राहिला की. आपल्या गुडघ्यांनी तितं काय व्हनार हाय? लई गर्दी."

"गर्दी? थोडेच जाणार म्हणाले होते."

"कुटलं थोडं! अख्खी गल्ली गेली."

"अख्खी गल्ली?" सासूबाई कट्ट्यावर टेकल्या. "देवळातले गुरुजी?"

"त्यांचा तर पयला नंबर. सोवळ्यातच पळाले."

"शिलाई मशिनवाले चाचा?"

"टोपी धरून धावत हुते बघा."

सासूबाईंनी आवाज बारीक केला. "आणि तो... कोपऱ्यावरचा? पिणारा?"

"त्याला दोगांनी धरून नेलं. पन गेला. न जाऊन सांगतो कुनाला?"

सासूबाई नंतर मला म्हणाल्या, "खरं सांगते, तेव्हा मला क्षणभर फार बरं वाटलं. गुरुजी गेले, चाचा गेले, तो पिणारासुद्धा गेला. म्हटलं, प्रभूचं मन आपण समजत होतो त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं निघालं. आणि लगेच रडू आलं. एवढं मोठं मन, आणि त्यात मीच तेवढी नाही."

"आता आपलं काय होणार हो अक्का?"

अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. पांढरी साडी, उघडे पाय, छातीशी वाकडा ट्रे, डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं, बाईला तहान लागलीय. म्हणाल्या, "काय व्हायचंय? आनतील की आपल्यासाठी बी. मी दोन घागरी सांगितल्यात."

"पाण्याच्या?" सासूबाईंनी विचारलं. "शास्त्रात प्रभू देतो त्या जिवंत पाण्याच्या?"

"जिवंत असलं तर असू द्या. उकळून घेतलं की काय न्हाय हुत."

इकडं मी पहिला हंडा घेऊन घरात शिरले होते. ओट्यावर लिंबं आणि मिरच्या सांडलेल्या, कॉट रिकामी. उशीवर चष्मा, खाली चपला. "आई?" मी हाक मारली. मोरीत बघितलं, गच्चीचा जिना बघितला. त्या दिवसांत मी सगळ्यात जास्त हसले होते. पण त्या रिकाम्या कॉटपाशी उभं राहिल्यावर माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मला वाटलं, गेल्या. बाई म्हणत होती ते खरं होतं, ती गेली आणि आपण टँकरच्या रांगेत राहिलो. खोटं कशाला बोलू, मी हंडा खाली ठेवला आणि वर स्लॅबकडं बघितलं.

तेवढ्यात खिडकीतून अक्कांचा आवाज आला आणि मी धावत बाहेर गेले. माझ्यामागोमाग नवरा आला. बनियन चिंब, दोन्ही हातांत बादल्या, कपाळावर कुणाच्या तरी घागरीचं टेंगूळ. सासूबाईंनी त्याला बघितलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"तुला परत पाठवलं?"

"कुणी पाठवलं? अजून एक खेप आहे," तो म्हणाला. "आई, तू अनवाणी काय करतेस उन्हात? आणि तो ट्रे कशाला घेतलास?"

सासूबाईंनी बादल्यांकडं बघितलं, मग गल्लीच्या तोंडाकडं. तिकडून गुरुजी सोवळं सावरत घागर घेऊन येत होते, त्यांच्यामागं चाचा, आणि त्यांच्याही मागं तो कोपऱ्यावरचा, रिकामी बादली डोक्यावर पालथी घालून. अख्खी गल्ली स्वर्गातून परत येत होती. सासूबाई पुन्हा कट्ट्यावर बसल्या. आणि काय झालं होतं ते आम्हाला कळल्यावर अक्का एवढ्या हसल्या, की त्यांच्या मांडीवरच्या शेंगा रस्त्यावर सांडल्या.

हसून झाल्यावर मात्र त्यांनी डोळे पुसत विचारलं, "पन सिस्टरबाई, एक सांगा. चांगले सगळे गेले असं वाटलं तवा तुमी सरळ माझ्याकडं कशा आला? म्हंजे मी राहिलेली असनार, हे पक्कं हुतं व्हय?"



सासूबाई म्हणाल्या, "पक्कं नव्हतं हो. दार उघडताना मी एवढंच म्हणत होते, की देवा, निदान अक्का तरी असू दे."

अक्का गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. आत जाऊन चहा टाकला. माठातलं शेवटचं पाणी होतं त्यांचं.

पाळक साहेबांनी रविवारी खुलासा केला, की तेही त्या वेळी त्यांच्या गल्लीतल्या टँकरपाशी होते आणि फोन घरी राहिला होता. सासूबाईंचा विश्वास या सगळ्यानं ढळला वगैरे काही नाही. त्या आजही प्रभूची वाट बघतात. कॉट मात्र पुन्हा पंख्याखाली आली आहे.

राहता राहिला ट्रे. सोमवारी सकाळी त्यांनी मला कामावरून सुट्टी घ्यायला लावली आणि आम्ही रिक्षानं त्यांच्या जुन्या दवाखान्यात गेलो. स्टोअरचा कारकून नवीन होता. सासूबाईंनी त्याच्यापुढं ट्रे ठेवला आणि आपण तो विचारल्याशिवाय नेल्याचं सांगितलं. त्यानं रजिस्टर चाळलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"आजी, असली वस्तू आमच्याकडं नोंदलेलीच नाही. गेल्याची नोंद नाही तर आल्याची कशी घेऊ?"

"घ्यावी लागेल."

"घेता येत नाही हो. घरी न्या आणि वापरा."

सासूबाईंनी मागं वळून माझा दंड धरला आणि कानात म्हणाल्या, "चल." मग पंच्याहत्तरीची ती बाई व्हरांड्यातून अशी चालत सुटली की मला गाठता येईना. मागून तो कारकून ओरडत होता, "ओ आजी! भांडं राहिलं तुमचं!" त्यांनी वळून बघितलं नाही. फाटकाबाहेर रिक्षा स्टँडपाशी येऊन थांबल्या, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि खो खो हसायला लागल्या. मीही हसले. मग त्या म्हणाल्या, "घसा वाळला. चल, उसाचा रस पिऊ. बर्फ नको म्हणून सांग त्याला, माझ्या कवळीखालच्या हिरड्या ठणकतात."